किकुयू मुकिमो घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य केनियातल्या किकुयू लोकांचा हा रोजचाही पदार्थ आणि समारंभाचाही. नैरोबीतल्या मराठी घरांतून, तसंच इथे काही वर्षं काढून पुण्या-मुंबईला परत गेलेल्यांकडून त्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुकिमो म्हणजे नेमकं काय?

बटाटा, मक्याचे दाणे, वाटाणा किंवा घेवडा आणि हिरवा पाला एकत्र शिजवायचा, पाणी निथळायचं आणि जाड लाकडी पळीने घोटून घट्ट गोळा करायचा, हा मुकिमो. बटाटा पूर्ण मोडतो, पाला त्यात मिसळून रंग देतो, वाटाणा अर्धामुर्धा फुटतो आणि मका अख्खाच्या अख्खा दाताखाली येतो. चवीला मीठ आणि परतलेला कांदा. बस्स.

मॅश्ड पोटॅटोत चार भाज्या घातल्या की मुकिमो होतो, असं समजून बरेच जण करायला जातात आणि मग "काही खास लागला नाही" म्हणतात. इथे पोट भरायचं काम मका आणि कडधान्य करतं. बटाटा त्यांना बांधून ठेवतो. हे प्रमाण डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

किकुयू हा केनियातला सर्वांत मोठा समाज; २०१९च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ८१ लाख होती. किआंबू, मुरांगा, न्येरी, किरिन्यागा, न्यांदारुआ हा त्यांचा मूळ मुलूख, म्हणजे माउंट केनिया आणि अबरडेअर डोंगररांगेचे उतार. तिथे पाऊस वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. त्यामुळे ओला मका, वाटाणा आणि कोवळा पाला वर्षातून दोन वेळा हाताशी असतो. मधल्या कोरड्या महिन्यांत सुका मका आणि सुका घेवडा पातेल्यात जातो. एकाच घरातला मुकिमो वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत वेगळा का लागतो, त्याचं कारण हे.

२. मुकिमो, इरिओ आणि गिथेरी हे एकच की वेगवेगळे?

गिथेरी वेगळी: मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, न घोटलेला. काल रात्रीची गिथेरी उरली की आज त्यात बटाटा-पाला घालून मुकिमो करतात, आणि घरोघरी असंच चालतं. इरिओ आणि मुकिमोमध्ये मात्र काटेकोर सीमारेषा नाही. नैरोबीच्या हॉटेलांत इरिओ मागवला तर बहुधा हिरव्या वाटाण्याचा, पाला कमी असलेला, फिकट हिरवा गोळा पानात येतो. गावाकडे दोन्ही शब्द एकाच पातेल्यासाठी ऐकू येतील. वाद घालू नये, जेवावं.

३. चार-पाच जणांसाठी प्रमाण काय?

बटाटे १ किलो, शिजवलेले मक्याचे दाणे २ मोठ्या वाट्या, ओला वाटाणा दीड वाटी (किंवा तेवढाच शिजवलेला घेवडा), भोपळ्याची कोवळी पानं साफ करून साधारण २०० ग्रॅम, मोठा कांदा १, तेल ३ चमचे, मीठ. पाहुणे वाढले तर मका वाढवा. बटाटा वाढवून भागवलं तर पदार्थ बदलतो.

४. कृती क्रमाने सांगाल का?

मका आधी वेगळा मऊ शिजवून घ्या. सुका असेल तर प्रश्न ७ पाहा. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला हा मका, त्यावर वाटाणा, त्यावर सोललेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी (मध्यम बटाट्याचे चार तुकडे, त्याहून बारीक नको) आणि सगळ्यांत वर चिरलेली पानं. मीठ आत्ताच घाला, नंतर घातलेलं मीठ बटाट्याच्या आत जात नाही. पाणी बटाट्याच्या फोडी जेमतेम बुडतील एवढंच. पानं पाण्याच्या वर राहू द्या, ती वाफेवर शिजतात. झाकण ठेवून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. फोडीत सुरी घातली की ती अडखळली नाही पाहिजे आणि फोड आपोआप दुभंगली पाहिजे.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. झाकण किंचित सरकवून सगळं पाणी एका भांड्यात निथळून घ्या. पाणी टाकू नका, पण पातेल्यातही ठेवू नका. पाणी निथळलेलं पातेलं पुन्हा मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि मधूनमधून हलवा. आधी भसाभस वाफ येते, मग ती विरळ होते आणि बटाट्याच्या कडा पिठासारख्या पांढुरक्या दिसायला लागतात. तेव्हा आच बंद.

दरम्यान दुसऱ्या शेगडीवर तेलात कांदा सोनेरी होईपर्यंत परतून ठेवलेला असू द्या.

घोटताना पळी गोल फिरवायची नाही. पातेल्याच्या कडेला दाबायची, उचलायची, पुन्हा दाबायची. केनियात हे काम म्विको करतो, म्हणजे लांब दांड्याची चपटी लाकडी पळी. सुफुरिया, म्हणजे इथलं सपाट बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, जमिनीवर ठेवून एक हात फडक्याने काठ धरतो आणि दुसरा म्विको चालवतो. ओट्यावर उभं राहून तेवढा जोर लागत नाही. कमी उंचीच्या स्टुलावर पातेलं ठेवलं तर बरं पडतं. बटाट्याची एकही गाठ दिसेनाशी झाली की कांदा तेलासकट घाला आणि दोनदा खालून वर उलटा. कोरडं वाटलं तर निथळलेलं पाणी चमच्या-चमच्याने. वाटीत दाबून ताटात उपडा केला आणि आकार धरून राहिला, तर झाला.

५. बटाटा कोणता घ्यावा?

पिठूळ. केनियात बाजार शांगी जातीने भरलेला असतो. तो भराभर शिजतो आणि सहज मोडतो, म्हणून घराघरांत तोच. त्याला मोडही लवकर येतात, तेव्हा पोतं भरून घेऊ नका.

महाराष्ट्रात नवा बटाटा टाळा, त्याची साल पातळ आणि गर चिकट असतो. जुना, जाड सालीचा बटाटा घ्या. जात विचारायची सोय असेल तर पुखराज नको, त्यात पाणी जास्त. चिप्सोना मिळाला तर उत्तम, ज्योती चालतो. हिरवी झाक आलेला बटाटा कुठल्याही देशात फेकावाच.

६. अमेरिकन स्वीट कॉर्न चालेल का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: नाही. चालवून घेता येईल, पण मुकिमो होणार नाही.

स्वीट कॉर्नमध्ये साखरेचा स्टार्च व्हायची क्रिया अडलेली असते, म्हणून तो गोड आणि रसाळ राहतो. घोटताना दाणा फुटतो, पाणी सुटतं आणि सगळा गोळा गुळमट होतो. केनियातला मका पांढरा, टपोरा, स्टार्चने भरलेला असतो. तासभर शिजला तरी दाणा अख्खा राहतो आणि चावावा लागतो. मऊ बटाट्यात मध्येच दाताला लागणारा तो दाणा हीच मुकिमोची गंमत.

भारतात असाल तर पावसाळ्यात गाडीवर भाजून मिळणारी देशी कणसं शोधा, तीही जरा जून झालेली. दाण्यात नख रोवून पाहा: दूध उडालं तर कोवळा आहे; दाणा कणकेसारखा दबला तर मुकिमोच्या कामाचा. असे दाणे कुकरला चार-पाच शिट्ट्यांत होतात. कणसं नसतील तर किराणा दुकानातला सुका मका. रंग पिवळा असला तरी हरकत नाही, फक्त लाह्यांचा मका उचलू नका. तो शिजता शिजत नाही.

अगदीच स्वीट कॉर्नशिवाय पर्याय नसेल, तर दाणे वेगळे वाफवा, कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता आणि घोटून झाल्यावर शेवटी मिसळा.

७. सुका मका शिजतच नाही. किती वेळ लागतो?

रात्रभर भिजवा, गरम पाण्यात भिजवला तर आणखी बरं. साध्या पातेल्यात दोन ते तीन तास धरा, कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. दाण्याचं तोंड उमललं आणि टरफल सैल झालं की झालं. टरफल काढायचं नाही. टरफल कांडून काढलेला मका वापरतात तो कांबा लोकांच्या मुथोकोईत. तो वेगळा पदार्थ.

केनियात काही जण मका आणि पाला शिजवताना मगादी सोडा घालतात. मगादी सरोवराच्या काठी जमणारा हा क्षार आपल्या पापडखाराच्या घराण्यातला. त्याने मका लवकर मऊ होतो आणि पाल्याचा हिरवा रंग टिकतो. पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते, आणि काही जीवनसत्त्वं त्यात वाया जातात. खाण्याचा सोडा घालायचाच असेल तर एका वाटी मक्याला चिमूटभर, आणि ते पाणी टाकून द्या. मी घालत नाही. भिजवायची आठवण ठेवते.

८. भोपळ्याची पानं साफ कशी करायची? माझ्या मुकिमोत दोरे येतात.

दोरे येतात म्हणजे शिरा निघाल्या नाहीत. कोकणात लाल भोपळ्याच्या पानांची भाजी करणाऱ्यांना हे हाताला माहीत असतं, बाकीच्यांसाठी सविस्तर सांगते.

वेलीच्या टोकाकडची, तळहाताएवढी किंवा त्याहून लहान पानं घ्या. देठ खालच्या टोकाला थोडासा मोडा, पण पूर्ण तोडू नका. मोडलेला तुकडा सालीला लोंबत राहील. तो धरून पानाच्या दिशेने ओढा, म्हणजे देठावरची काटेरी साल लांब पट्टीने निघते आणि पानाच्या पाठीवरच्या शिरेपर्यंत सोलत जाते. देठ फिरवून तीन-चारदा हेच करा. सोललेला देठ फिकट, काचेसारखा दिसतो. तो टाकायचा नाही, बारीक चिरून घ्यायचा. मग पानं दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच चोळून धुवा, म्हणजे अंगावरची लव मोडते. नंतर गड्डी वळून बारीक चिरा.

किकुयूत या पाल्याला काहुरुरा म्हणतात. नैरोबीच्या बाजारात जुडी बांधून मिळते, न सोललेली.

९. भोपळ्याची पानं मिळाली नाहीत तर पालक घालू का?

घाला, पण कमी. पालकाला पाणी फार सुटतं, तेव्हा वेगळा वाफवून, घट्ट पिळून, चिरून मिसळा. चवीने जवळचा पर्याय म्हणजे माठ किंवा राजगिऱ्याचा पाला. केनियातही तेरेरे नावाने तोच पाला मुकिमोत जातो. शहरांत सुकुमा विकी घालतात, ती केलच्या जातीची भाजी, जरा राठ. मेथी मात्र नको, तिचा कडवटपणा सगळ्यावर स्वार होतो.

डोंगराळ भागात थाबाईही वापरतात. ही अंगाला लागली तर आग उठवणारी वनस्पती, उत्तराखंडातल्या बिच्छू घासाची बहीण. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवली की तिचा दंश जातो आणि रंग असा गडद येतो की दुसऱ्या कुठल्याच पाल्याला येत नाही. तोडताना हातमोजे हवेतच.

१०. माझा मुकिमो चिकट, रबरासारखा होतो. का?

मिक्सर किंवा फूड प्रोसेसर वापरलात का? बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी फोडल्या की आतला स्टार्च बाहेर येऊन खळ बनतो, आणि पात्याइतक्या वेगाने पेशी दुसरं काहीच फोडत नाही. पावभाजीचा मॅशर चालतो, फक्त मका चिरडला जाणार नाही अशा बेताने. मिक्सर वापरला नसतानाही चिकट झाला, तर बटाटा नवा होता (प्रश्न ५) किंवा गार झाल्यावर घोटला. मुकिमो वाफा निघत असतानाच घोटायचा असतो.

११. पातळ झाला. आता काय?

पसरट कढईत काढून मंद आचेवर उलथत राहा, पाणी उडेल. कॉर्नफ्लोअर, बेसन, ब्रेडचा चुरा यांतलं काही घालू नका. पुढच्या वेळी निथळून कोरडं करायची पायरी (प्रश्न ४) गाळू नका; "पाण्यात जीवनसत्त्वं असतात" म्हणून ती गाळणारे बरेच भेटतात. ते पाणी आमटीत घाला.

१२. हॉटेलात मिळतो तसा हिरवागार रंग घरी का येत नाही?

वीस-पंचवीस मिनिटं वाफेवर राहिलेल्या पानांचा रंग शेवाळी होतोच. घरगुती मुकिमो शेवाळीच असतो, त्यात बिघडलेलं काही नाही. हॉटेलवाले पानं दोन मिनिटं उकळतात, लगेच गार पाण्यात टाकतात, वाटतात आणि ती पेस्ट घोटताना मिसळतात. तुम्हालाही तसं करता येईल. पाला वाटायला मिक्सर चालतो, बटाट्याला नाही. पेस्टमध्ये पाणी घालू नका. झाकण घट्ट लावून पाला शिजवला तर रंग आणखी मरतो, कारण पाल्यातली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत.

१३. फोडणी दिली तर? हळद, जिरं, आलं-लसूण?

तुमच्या घरी तुम्ही राजे. पण एकदा तरी न घालता करून पाहा.

केनियाच्या किनाऱ्यावर, मोम्बासाकडे, स्वयंपाकात लवंग-वेलची-जिरं भरपूर असतं; हिंदी महासागरातल्या शतकांच्या व्यापाराने ते आलं. डोंगरातल्या किकुयू स्वयंपाकात ते शिरलं नाही. तिथे मक्याला मक्याची आणि पाल्याला पाल्याची चव राहू देतात. आता शहरातल्या घरांत कांद्याबरोबर लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर पडते, कुणी रॉयकोची मसाला पूड घालतं. लसणाच्या दोन पाकळ्यांना माझी हरकत नाही. हळदीला आहे: हिरव्यात पिवळं मिसळून जो रंग येतो, तो पाहून जेवावंसं वाटत नाही. मोहरी-हिंगाची फोडणी दिली की बटाट्याची भाजी झाली. चांगली होईल, पण मग तिला मुकिमो म्हणू नका. तिखट हवं असेल तर ते बाजूच्या कचुंबरीत घाला (प्रश्न १७).

१४. लोणी, दूध, क्रीम घालतात का?

जुन्या पद्धतीत नाही. हल्ली चमचाभर लोणी घालणारे आहेत, चांगलं लागतं. दूध घातलं तर मात्र लवकर आंबतो. मुळात हा पदार्थ दुधा-तुपाशिवायचाच आहे, तेव्हा व्हीगन पाहुण्यांसाठी काही बदलावं लागत नाही.

१५. वाटाणा घालावा की घेवडा? राजमा चालतो का?

ओल्या वाटाण्याचा मोसम असेल तर वाटाणा. पुण्याकडे सासवडचा वाटाणा पावसाळ्यातच येतो, देशी कणसांच्याच सुमाराला, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हा तिकडे मुकिमो करायचा खरा मोसम. फ्रोझन वाटाणा चालतो, शेवटच्या पाच मिनिटांत घाला. सुका पांढरा वाटाणा नको.

राजमा चालतो, केनियातला रोजचा घेवडा त्याच जातीचा. पण तो पूर्ण शिजवूनच पातेल्यात घाला. कच्च्या-अर्धकच्च्या राजम्यात असलेल्या घटकाने उलट्या-जुलाब होतात, आणि तो निकामी व्हायला किमान दहा मिनिटं खळखळ उकळी लागते. स्लो कुकरमध्ये ती उकळी येत नाही. कुकरला शिट्टी झालेला राजमा सुरक्षित आहे.

१६. न्जाही म्हणजे काय? आपला वाल वापरला तर?

न्जाही हा काळा, चकचकीत दाणा, एका कडेला पांढरी रेघ. आणि हो, तो आपल्या वाल-पावट्याच्याच जातीचा आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एक.

किकुयू घरात न्जाहीचा मान वेगळा. बाळंतिणीला न्जाहीचा मुकिमो देतात, आपल्याकडे डिंकाचे-अळिवाचे लाडू देतात तसा. लग्नाच्या बोलणीतही तो लागतो. त्यात बटाट्याबरोबर केळं घालतात, त्याने कडवट दाण्याला किंचित गोडी येते. रंग करडा-जांभळा, पहिल्यांदा पाहणारा जरा बिचकतो. वसाहतीच्या काळात बाजारात विकला जाणारा घेवडा पसरला, तशी न्जाहीची शेती मागे पडली. आज न्जाही घेवड्यापेक्षा बराच महाग असतो.

भारतात सगळ्यांत जवळचे म्हणजे कोकणातले कडवे वाल. मोड आणून सोललेल्या डाळिंब्या घेऊ नका, त्या घोटताना विरघळून जातात. सालासकट अख्खे वाल घ्या. रात्रभर भिजवा, पाणी टाका, एक उकळी आणून तेही पाणी टाका, मग ताज्या पाण्यात मऊ शिजवा. हे फक्त कडवटपणासाठी नाही. सुक्या वालात, विशेषतः गडद रंगाच्या, सायनाइड सुटू शकेल असे घटक असतात. भिजवून, उकळून, पाणी टाकल्याने ते निघून जातात. म्हणून वालाच्या बाबतीत "पाणी टाकू नका" हा प्रश्न ४मधला सल्ला लागू नाही. प्रमाण: बटाटे अर्धा किलो, शिजवलेले वाल दोन वाट्या, नुकती पिकू लागलेली केळी दोन. पाला नाही.

१७. कशाबरोबर खायचा? आम्ही शाकाहारी आहोत.

केनियात मुकिमोचा जोडीदार म्हणजे मांसाचा रस्सा किंवा निखाऱ्यावर भाजलेलं न्यामा चोमा. ताटात गोळ्याला मध्ये खळगा करून त्यात रस्सा ओततात. बाजूला कचुंबरी: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. नाव ओळखीचं वाटतं ना? १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधायला आलेल्या आणि मागोमाग दुकानं थाटणाऱ्या भारतीयांबरोबर जे जे इथल्या ताटात आलं, त्यात चपाती, समोसा आणि कचुंबरी ठळक. तिचा कांदा मिठाच्या पाण्यातून काढून घेतात, म्हणजे उग्रपणा जातो.

शाकाहाऱ्यांसाठी न्देंगू, म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाचा टोमॅटो-कांद्यातला दाटसर रस्सा. पातळ उसळ जमणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. पोळी-भाकरीबरोबर मुकिमो वाढू नका, पिठूळावर पिठूळ होतं. ताक मात्र छान जातं. इथे त्या जागी माझिवा लाला हे आंबवलेलं दूध पितात.

१८. बटाट्याशिवाय होतो का? आमच्याकडे जैन पाहुणे येणार आहेत.

होतो, आणि ती काही तडजोड नाही. बटाटा केनियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपियनांबरोबर आला. त्याआधीही किकुयू घरांत घोटलेलं अन्न होतंच: हिरवी केळी, रताळी, कोनफळाच्या जातीचे कंद, न्दुमा म्हणजे आपली अळकुडी, आणि सोबत न्जाही. मकाही अमेरिकेतूनच आलेला. डोंगरात तो घरोघरी रुजला विसाव्या शतकात.

जैन पाहुण्यांसाठी कंद बाद, म्हणून हिरवी केळी. ८-१० कच्ची केळी सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि लगेच घोटा. गार झालेलं कच्चं केळं मोडायचं नाव घेत नाही. मका, वाटाणा, पाला प्रश्न ३ प्रमाणे. कांद्याऐवजी तेलात थोडी हिरवी मिरची परता. केळ्याचा मुकिमो बटाट्यापेक्षा लवकर कोरडा पडतो, तेव्हा उकळतं पाणी शेजारी ठेवा.

१९. उपवासाला चालेल का?

बटाटा बघून हा प्रश्न येतो. मका, वाटाणा, पालेभाजी: तिन्ही नाहीत. एकादशी सोडून करा.

२०. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना द्यायचा तर?

अख्खा मका घशात अडकू शकतो, म्हणून अगदी लहान मुलांचा वाटा मका न घालता वेगळ्या भांड्यात शिजवा. दात नसलेल्यांसाठी मका शिजवून वेगळा वाटून घाला. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बटाटा आणि मका दोन्ही पिष्टमय आहेत. पाला आणि कडधान्य दुप्पट करून गोळा लहान घ्यावा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं.

२१. पन्नास माणसांसाठी करायचा आहे. काय बदलायचं?

रुराशिओत, म्हणजे किकुयू लग्नाआधीच्या देण्याघेण्याच्या बैठकीत, मुकिमो याहून मोठ्या प्रमाणावर होतो. चुलीवर मोठाले सुफुरिया चढतात, एकीकडे बोकड भाजला जातो आणि दुसरीकडे बायका आळीपाळीने म्विको चालवतात. आळीपाळीने हे महत्त्वाचं: दहा किलो बटाटा एका दमात एकट्याने घोटता येत नाही, आणि हात थांबला की वरचा थर गार होऊन गाठी धरतो.

म्हणून माणशी २०० ग्रॅम बटाटा धरा आणि तीन-तीन किलोचे घाणे करा. मका आणि घेवडा आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये, कांदा सकाळी परतून तयार. प्रत्येक घाणा घोटला की लगेच मोठ्या हॉटपॉटमध्ये दाबून भरा, वर केळीचं पान, मग झाकण. दोन तास आरामात गरम राहतो. मीठ प्रत्येक घाण्यात वेगळं चाखा.

२२. नैरोबीत नवीन आलो आहोत. सामान कुठे घ्यावं?

कोपऱ्यावरच्या ममा म्बोगाकडे, म्हणजे टपरी लावून भाजी विकणाऱ्या बाईकडे. ती सोललेला वाटाणा देते, सुकुमा विकी केसासारखी बारीक चिरून देते, आणि बऱ्याच वस्त्यांत शिजवलेला मका-घेवडाही मापाने मिळतो. तो घेतला तर तुमचे तीन तास वाचले. बोलताना आधी "हबारी, ममा" म्हणायचं, मग भाव. पार्कलँड्सजवळच्या सिटी पार्क मार्केटमध्ये भोपळ्याची पानं आणि कढीपत्ता एकाच फेरीत होतात. पोत्याने बटाटा हवा असेल तर मारिकिटी हा घाऊक बाजार, पण पहाटे.

२३. उरलेल्याचं काय करायचं? किती दिवस टिकतो?

फ्रिजमध्ये तीन दिवस. बाहेर ठेवू नका. वाटाणा आणि बटाटा एकत्र असलेलं काहीही मुंबईच्या हवेत संध्याकाळपर्यंत आंबतं. फ्रीझरमध्ये ठेवला तर बटाटा पाणी सोडतो, तरी कढईत परतून खाता येतो.

मायक्रोवेव्हपेक्षा तवा बरा. तेलात नवा कांदा परता, मुकिमो जाडसर थापा आणि खालून खरपूस पापुद्रा येईपर्यंत अजिबात हलवू नका. मग उलटा. केनियात सकाळी चहाबरोबर तो असाच खातात. टिक्क्या करायच्या असतील तर फ्रिजमधून काढल्या काढल्या वळा, गरम झाल्यावर तो हाताला चिकटतो.